दुरुस्तीची नीति

जुनी वस्तु दुरुस्त करावी कीं टाकून देऊन नवी घ्यावी, हा प्रश्न संसारांत आपण वरचेवर सोडवीत असतों. पण तो सोडवितांना पैशापलीकडे बहुधा आपली दृष्टि जात नाहीं. दुरुस्तीस खर्च किती, नव्यास किती, आणि दुरुस्त केलेली वस्तु आणखी किती वर्षें टिकेल, एवढें त्रैराशिक मांडलें कीं आपल्या मतें विचार पुरा झाला. छत्री, पादत्राण किंवा शिवणयंत्र यांच्या बाबतींत हें त्रैराशिक पुरेंही पडतें. परंतु कांहीं वस्तु अशा आहेत कीं, त्यांची दुरुस्ती करणारा मनुष्य नकळत दुसऱ्या कोणास तरी एक वचन देत असतो. शिडीची पायरी बसविणारा, विहिरीचा रहाट नीट करणारा, नावेची फळी बदलणारा, या सर्वांच्या कामावर पुढें कोणीतरी आपल्या देहाचा भार टाकणार असतो. भार टाकणाऱ्यानें त्या कामाचा आंतला भाग पाहिलेला नसतो. त्यानें केवळ विश्वास ठेविलेला असतो. अशा ठिकाणीं दुरुस्ती हा नुसत्या कसबाचा विषय न राहतां नीतीचा विषय होतो, आणि त्याच दृष्टीनें त्याचा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

उदाहरणासाठीं आम्ही एक परदेशी आणि आतां कालबाह्य झालेलें वाहन घेतों. तें निवडण्याचें कारण एवढेंच कीं, जुन्या वस्तूच्या दुरुस्तींत ज्या ज्या नैतिक अडचणी येऊं शकतात, त्या जवळजवळ सर्व या एका वाहनांत एकत्र आलेल्या आहेत. तीनचाकी म्हटली कीं आपल्याकडील वाचकाच्या डोळ्यांपुढें रिक्षा उभी राहते; हें वाहन त्या जातीचें नव्हे. घोड्यावर बसावें तसें दोन्ही बाजूंस पाय टाकून त्यावर बसावयाचें, हातांत मोटारसायकलीसारखें हँडल, पुढें एक चाक, मागें दोन, आणि तिन्ही चाकांस फुग्यासारखे रुंद व कमी हवेचे टायर, असें त्याचें रूप. रस्त्यावर चालविण्यासाठीं तें नाहींच. शेत, वाळू, चिखल, बर्फ हें त्याचें क्षेत्र.

या वाहनाचा इतिहास थोडक्यांत असा. अमेरिकेंतील मोटारसायकलींच्या व्यापाऱ्यांचा धंदा हिवाळ्यांत मंदावत असे. त्यांस बर्फाच्या दिवसांतही विकतां येईल असें कांहीं तरी द्यावें, या हेतूनें जपानांतील होंडा कारखान्याचे इंजिनिअर ओसामु ताकेउचि यांनीं हें तिचाकी यंत्र योजिलें, व १९७० मध्यें तें यूएस ९० या नांवानें विक्रीस आलें. त्यास स्प्रिंग अशी कोठेंच नव्हती. खड्ड्याचा धक्का सोसण्याचें सारें काम त्या फुगीर टायरांकडे होतें. शेतकऱ्यांस तें आवडलें, शिकाऱ्यांस आवडलें, आणि वाळूच्या टेकड्यांवर मौज करणाऱ्या तरुणांस तर फारच आवडलें. मौजेबरोबर वेग वाढला, आणि वेगास टायरांतील मऊ हवा पुरेनाशी झाली. १९८१ मध्यें होंडानें एटीसी २५०आर हें शर्यतीच्या धर्तीचें यंत्र काढलें. त्यास पुढें व मागें दोन्हीकडे स्प्रिंगांची योजना होती. त्यानंतर कावासाकीचें टेकाटे व यामाहाचें ट्राय-झी हीं त्याच जातीचीं यंत्रें आलीं.

वेगाबरोबर अपघातही वाढले. या गाडीचीं मागचीं दोन चाकें एकाच आंसावर घट्ट बसविलेलीं असतात. वळणावर बाहेरच्या चाकानें अधिक अंतर कापावें व आंतल्या चाकानें कमी, अशी सोय तींत नाहीं. स्वारानें आपला देह नेमक्या क्षणीं नेमक्या बाजूस झुकविला तर ती वळते. न झुकविला तर सरळ जाते, नाहीं तर कलंडते. शिवाय तिचा पाया त्रिकोणी, आणि त्या त्रिकोणाचें टोक पुढें. त्यामुळें पुढच्या दोन्ही कोपऱ्यांस टेकाच नाहीं. बळी पडलेल्यांत सोळा वर्षांखालील मुलांचें प्रमाण मोठें होतें. अखेर अमेरिकेच्या ग्राहकवस्तु सुरक्षा आयोगाच्या पुढाकारानें तेथील सरकारनें कारखानदारांवर दावा आणला. १९८७ च्या अखेरीस तडजोड झाली व १९८८ च्या एप्रिलमध्यें न्यायालयानें संमतीचा हुकूमनामा मंजूर केला. त्यान्वयें कारखानदारांनीं तीनचाकींची विक्री थांबविली आणि व्यापाऱ्यांपाशीं पडून असलेला माल परत घेतला. हा हुकूमनामा दहा वर्षांच्या मुदतीचा होता; पुढें २००८ च्या कायद्यानें त्या देशांत नव्या तीनचाकींची आयात व विक्री बंद केली. मात्र ज्या गाड्या आधींच लोकांच्या घरीं गेल्या होत्या, त्या परत घेण्याचें बंधन कारखानदारांवर घातलें गेलें नाहीं. त्या गाड्या तबेल्यांत, कोठारांत आणि अंगणांत राहिल्या. आज त्यांचें वय चाळीस वर्षांच्या आसपास आहे, आणि त्यांतील पुष्कळांची मागची बाजू बसली आहे.

बसली आहे म्हणजे काय, हें नीट पाहिलें पाहिजे. कारण पुढील साऱ्या विवेचनाचा पाया तोच आहे. या जातीच्या गाडीचीं मागचीं चाकें एका हलत्या दांड्यास जोडलेलीं असतात; मेकॅनिक त्यास स्विंगआर्म म्हणतात. तो दांडा आणि गाडीचा सांगाडा यांच्यामध्यें एक जाड वेटोळ्याची स्प्रिंग व तिच्या पोटांत शॉक अ‍ॅब्सॉर्बर असतो. स्प्रिंगेचें काम भार उचलून धरण्याचें. शॉक अ‍ॅब्सॉर्बरचें काम त्या स्प्रिंगेच्या उसळीस आवर घालण्याचें. गाडी तिच्या मूळच्या उंचीपेक्षां खालीं राहूं लागली, स्वार बसतांच मागचा भाग जमिनीकडे झुकूं लागला, लहानशा उडीनंतर सांगाडा खालीं आपटूं लागला, म्हणजे गाडी बसली असें लोक म्हणतात. पण लक्षण एक असलें तरी कारणें अनेक असूं शकतात. स्प्रिंग आखूड झाली असेल. शॉक अ‍ॅब्सॉर्बरमधील तेल गळून किंवा त्यांतील दाबाखालचा नायट्रोजन वायु निघून गेला असेल. सांध्यांतील बेअरिंगें ग्रीसावांचून गंजून अडकलीं किंवा झिजून सैल झालीं असतील. अथवा गाडींत कांहींच बिघडलें नसून तिच्यावर बसणारा मनुष्यच तिच्या स्प्रिंगेस न पेलणारा असेल.

यांपैकीं स्प्रिंगेची गोष्ट विशेष विचार करण्यासारखी आहे. ताण आणि बल यांचें प्रमाण सारखें असतें, हा नियम रॉबर्ट हुक यानें १६७८ मध्यें प्रसिद्ध केला. त्या नियमानें स्प्रिंगेचा ताठपणा तिच्या तारेची जाडी, वेटोळ्याचा व्यास, वेटोळ्यांची संख्या आणि पोलादाचा जातिगुण यांवरून ठरवितां येतो. आतां वर्षानुवर्षें भार सोसून स्प्रिंग दमते तेव्हां या चारांपैकीं काय बदलतें? तार न गंजली तर जवळजवळ कांहींच बदलत नाहीं. बदलते ती तिची मोकळी लांबी. म्हणजे दमलेल्या स्प्रिंगेचा ताठपणा गेलेला नसतो. तिची उंची गेलेली असते. एक मिलिमीटर दाबण्यास पूर्वीं जितकें बल लागे, तितकेंच आजही लागतें. फक्त ती आपल्या कामास पूर्वीच्या जागेवरून प्रारंभ करीत नाहीं. वृद्ध माणसांविषयीं आपण ज्या कल्पना करून घेतों, त्यांपैकीं कांहींस हें सत्य चांगलाच छेद देणारें आहे.

गेलेली उंची परत आणण्यासाठीं पुष्कळ गाड्यांत स्प्रिंगेच्या वरच्या टोकाशीं आट्यांची एक कडी असते. ती फिरविली कीं स्प्रिंग आधींच थोडी दाबली जाते व गाडीची मागची बाजू वर येते. समजा, स्प्रिंग १० मिलिमीटर आखूड झाली आहे आणि सांध्यांची रचना अशी आहे कीं स्प्रिंग एक भाग दबली असतां चाक दोन भाग सरकतें. तर गाडी चाकापाशीं २० मिलिमीटर खालीं बसेल, आणि कडी १० मिलिमीटर फिरविली असतां ती पुनः मूळच्या जागीं येईल. काम अर्ध्या तासाचें, खर्च शून्य. येथें नीतीचा विचार करणाऱ्यास एक सुलभ व्याख्यान सुचतें: कडी फिरविणें हा वरवरचा उपाय, स्प्रिंग बदलणें हा मुळावरचा, वरवरचा उपाय करणारा लबाड, मुळाशीं जाणारा प्रामाणिक. हें व्याख्यान ऐकावयास गोड आहे, पण तें खरें नाहीं. स्प्रिंगेनें केवळ उंची गमावली असेल तर उंची परत देणारी कडी हाच तिच्या दोषाचा यथार्थ उपाय होय. उलट, सांधे गंजून अडकले असतां नवी महागडी स्प्रिंग आणून बसविणारा मनुष्य खर्च पुष्कळ करतो, आणि तरीही रोगास स्पर्श करीत नाहीं. उपायाचा प्रामाणिकपणा त्याच्या खोलीवर किंवा किंमतीवर अवलंबून नसतो. कारणाचा शोध घेतला कीं नाहीं, यावर अवलंबून असतो. जो कारण न शोधतां कडी फिरवितो व जो कारण न शोधतां स्प्रिंग बदलतो, ते दोघे एकाच पंक्तींत बसतात.

कारण शोधण्याची रीत साधी आहे, आणि तिला टेप व दुसऱ्या एका मनुष्याचें साहाय्य यांपेक्षां अधिक कांहीं लागत नाहीं. गाडीचा मागचा भाग उचलून चाकें अधांतरीं लोंबकळूं द्यावीं, आणि आंसापासून सांगाड्यावरील एका ठराविक खुणेपर्यंतचें अंतर मोजावें. मग गाडी जमिनीवर ठेवून तेंच अंतर पुनः मोजावें. शेवटीं स्वारास त्याच्या नेहमींच्या पोशाखांत बसवून तिसऱ्यानें मोजावें. स्वार बसला असतां चाकाच्या एकूण चालीच्या तिसरा ते चौथा हिस्सा गाडी दबावी, असा सर्वसाधारण दंडक आहे. चाल २४० मिलिमीटर असेल तर ६० ते ८० मिलिमीटर. मुळींच दबूं नये अशी अपेक्षा चुकीची आहे. कारण पुढें खळगा आला असतां चाकास खालीं उतरावयाला जागा हवी असते. मागचा भाग हातानें दाबून हळूच सोडला असतां गाडी एका उंचीवर थांबते आणि वर उचलून हळूच सोडला असतां दुसऱ्या. या दोहोंत फार अंतर पडलें, तर दोष स्प्रिंगेचा नसून अडकलेल्या सांध्यांचा असण्याचा संभव मोठा. चाक बाजूस किंवा वर उचलून पाहिलें असतां खडखड झाली, तर बेअरिंगें झिजलीं. गाडी दाबून एकदम सोडल्यावर ती उसळतच राहिली, तर शॉक अ‍ॅब्सॉर्बर थकला. त्यांत वायु मोठ्या दाबानें भरलेला असतो. तेव्हां तो घरीं उघडण्याचें धाडस न करतां त्या कामाचीं साधनें असलेल्या माणसाकडे द्यावा.

परंतु या मापनांत एक असें सत्य हातीं लागतें, कीं ज्याच्यासाठीं आम्हीं हें सारें यंत्रशास्त्र वाचकांपुढें मांडलें. समजा, कडी फिरवीत फिरवीत आपण स्वारासह असणारें माप बरोबर आणलें. डोळ्यांस गाडी सरळ दिसते, स्वारही संतुष्ट आहे. आतां स्वारास उतरवून रिकामी गाडी पाहावी. ती स्वतःच्या वजनानें थोडी दबली, तर काम ठीक झालें. पण ती मुळींच न दबतां ताठ उभी राहिली, तर समजावें कीं स्प्रिंग या स्वारास पुरेशी नाहीं. तिला इतकी आंवळून धरावी लागली आहे कीं रिकाम्या गाडीच्या वजनास ती दाद देत नाहीं, आणि खरा धक्का बसेल तेव्हां मात्र ती सहज तळास जाईल. रिकामेपणीं जी सर्वांत ताठ दिसते, तीच भाराखालीं सर्वांत दुबळी, असा हा विपरीत न्याय आहे. भार नसतांना दिसणाऱ्या ताठपणावरून कोणाच्याही सामर्थ्याची परीक्षा करूं नये, हें यंत्रासच नव्हे तर माणसांसही लागू आहे. पण तो मोह आवरून आम्ही येथें एवढेंच म्हणतों कीं, चांगली स्प्रिंग अशी स्वतंत्र वस्तुच नाहीं. पन्नास किलो वजनाच्या मनुष्यास जी चांगली, ती नव्वद किलोच्या मनुष्यास वाईट. तेव्हां दुरुस्ती ही केवळ यंत्राची कधींच नसते. ती यंत्र आणि त्यावर बसणारा अमुक एक मनुष्य यांच्यामधील संबंधाची असते. कोण बसणार, हें न विचारतां गाडी नीट करून देणारा कारागीर मोजमापांत कितीही काटेकोर असला, तरी त्यानें आपलें काम अर्धेंच केलें.

आतां एक शंका अशी निघेल कीं, चाळीस वर्षांच्या गाडीची स्प्रिंग बदलली, बेअरिंगें बदललीं, तेल बदललें, उद्यां टायर व परवां इंजिनाचा दट्ट्याही बदलला, तर मग दुरुस्त झालें तें काय? तीच गाडी कीं दुसरी? हा प्रश्न फार जुना आहे. मिलिंदपञ्ह या पाली ग्रंथांत नागसेन राजा मिलिंदास त्याच्या रथाविषयीं विचारतो: आंस म्हणजे रथ काय, चाकें म्हणजे रथ काय, आणि राजास प्रत्येक वेळीं नाहीं असेंच म्हणावें लागतें. प्लुटार्कनें थीसिअसच्या जहाजाविषयीं हाच वाद नोंदविला, आणि हॉब्सनें १६५५ मध्यें त्यांत भर घालून विचारलें कीं, काढलेल्या जुन्या फळ्यांचें कोणी दुसरें जहाज बांधलें तर खरें कोणतें? तत्त्वज्ञांचा हा वाद मिटला नाहीं. परंतु दुरुस्ती करणाऱ्याच्या दृष्टीनें त्यास एक व्यावहारिक उत्तर आहे, आणि तें सुखद नाहीं. या वाहनाचा धोका त्याच्या कोणत्याही एका भागांत नाहीं. तो एक चाक पुढें व दोन मागें या आकृतींत आहे. एकूणएक भाग नवा घातला तरी ती आकृति राहते, आणि आकृतीबरोबर दोषही राहतो. द्रव्याच्या दृष्टीनें ती गाडी तीच आहे कीं नाहीं, याचा निर्णय पंडितांनीं करावा. उत्तरदायित्वाच्या दृष्टीनें ती तीच आहे. चकचकीत नव्या भागांनीं जुना दोष झांकला जातो, नाहींसा होत नाहीं, आणि म्हणूनच नूतन दिसणारी जुनी गाडी जीर्ण दिसणाऱ्या जुन्या गाडीपेक्षां पाहणाऱ्यास अधिक फसविते.

येथें मुख्य प्रश्नास तोंड देणें प्राप्त होतें. समाजानें जिची विक्री घातक म्हणून थांबविली, ती वस्तु दुरुस्त करून चालती ठेवणें नीतीस धरून आहे काय? कोणी म्हणतील, बसली तर बसूं द्यावी. मोडली तर मोडूं द्यावी. असल्या वस्तूचा अंत होणें हेंच इष्ट. या म्हणण्यांत वजन आहे, पण तें वस्तुस्थितीस सोडून आहे. उपेक्षेनें गाडी नष्ट होत नाहीं. ती वाईट अवस्थेंत चालू राहते. मागची बाजू बसली कीं पुढच्या काट्याचा कल वाढतो, हँडल मंदपणें ऐकूं लागतें, चढावर पुढचें चाक लवकर उचललें जातें, आणि मोठ्या खड्ड्यांत सांगाडा आपटून स्वारास पुढें भिरकावतो. बिघडलेली गाडी अधिक घातक, तर ती नीट करणें हें सत्कर्मच झालें, असा निष्कर्ष यावरून निघेलसें वाटतें.

पण तोही पुरता खरा नाहीं. बसलेल्या गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीच्या जवळ असतो. तिला पुनः उंच केलें कीं तो वर जातो, आणि बाजूस कलंडण्याची भीति वाढते. सपाट मैदानावरील शर्यतींत गाड्या मुद्दाम खालीं बसवितात, त्या याच कारणासाठीं. म्हणजे खड्ड्यांतील धोका कमी करणारी दुरुस्ती वळणावरचा धोका वाढविते. ज्या मनुष्यास कित्येक वर्षें बसलेल्या गाडीची संवय झाली आहे, तो तिच्यावर पूर्वीच्याच भरंवशानें वळण घेईल, आणि दुरुस्तीनेंच त्याचा घात व्हावयाचा. दुरुस्ती ही सर्वथा निर्दोष कृति आहे, ही समजूत येथें टिकत नाहीं. प्रत्येक दुरुस्तीनें वस्तूच्या स्वभावांत कांहीं देणें आणि कांहीं घेणें घडतें. जें दिलें तें कारागीर अभिमानानें सांगतो. जें घेतलें तें सांगणें हें त्याचें कर्तव्य आहे, आणि नेमकें तेंच बहुधा राहून जातें.

दुसरा पक्ष स्वातंत्र्यवाद्यांचा. ते म्हणतील, गाडी ज्याची, मान ज्याची, त्यानें काय वाटेल तें करावें. इतरांस त्याची पंचाईत कशाला? मिल्लनें १८५९ मध्यें आपल्या स्वातंत्र्यविषयक निबंधांत हें तत्त्व मोठ्या समर्थपणें मांडलें आहे: दुसऱ्यास अपाय होत नाहीं तोंवर मनुष्याच्या स्वतःच्या हितासाठींही समाजानें त्याच्यावर बळजबरी करूं नये. आम्हांस हें तत्त्व मान्य आहे. पण तें प्रौढांसाठीं आहे, मुलांसाठीं नाहीं, हें मिल्लनेंच तेथें स्पष्ट केलें आहे. आणि या गाडीचा इतिहास हा बऱ्याच अंशीं मुलांच्या अपघातांचा इतिहास आहे. बापानें हौसेनें नीट केलेली गाडी अंगणांत उभी असते. सुटीच्या दिवशीं शेजारचीं मुलें जमतात. कोणीतरी एक फेरी मागतो. ९० घनसेंटिमीटरांहून मोठ्या इंजिनाची गाडी सोळा वर्षांखालील मुलाच्या हातीं देऊं नये, असा इशारा त्या हुकूमनाम्यानें ठरवून दिला होता. पण खासगी अंगणांत तो वाचून दाखविणारा कोणी नसतो. जें यंत्र बसल्यामुळें कोपऱ्यांत पडून होतें, तें दुरुस्त होतांच हातांना बोलावूं लागतें. तेव्हां मालकाच्या स्वातंत्र्याबरोबर त्याच्या किल्लीचाही विचार केला पाहिजे. कायद्यानें व्यापाऱ्यास बांधलें, कारखानदारास बांधलें. शेजाऱ्याच्या मुलास नाहीं म्हणण्याचें काम त्यानें मालकावरच सोंपविलें आहे, आणि तें कोणत्याही हुकूमनाम्याहून कठीण आहे.

तिसरा पक्ष भावनेचा. आजोबांची गाडी, तारुण्याची आठवण, आतां कोठेंही न होणारी कारागिरी, अशा शब्दांनीं तो आपल्यापुढें येतो. आम्ही त्यास हंसत नाहीं. जुनें जपणारा समाज वस्तूंबरोबर त्या वस्तूंचें ज्ञानही जपतो; कल्हईवाला नाहींसा झाला तेव्हां पितळेचीं भांडींही फडताळांतून गेलीं, हें आपण पाहिलेंच आहे. गोधडी शिवणाऱ्या आजीच्या हातांत काटकसरीपेक्षां अधिक कांहीं तरी असतें. पण आपल्याच परंपरेंत जीर्णोद्धाराबरोबर विसर्जनही आहे, हें विसरतां कामा नये. पडकें देऊळ आपण पुनः बांधतों. खंडित मूर्ति मात्र, ती कितीही प्रिय असली तरी, पूजेंतून काढून जलाशयांत सोडतों. त्या विसर्जनांत अनादर नसतो. या वस्तूचें काम संपलें, एवढी कृतज्ञ कबुली असते. जपणें म्हणजे वापरीत राहणें नव्हे. कोठारांत नुसती उभी ठेवलेली गाडी ही देखील आठवण होऊं शकते, आणि तिला स्प्रिंगेची फारशी गरज नसते.

मग निर्णय काय? आमच्या मतें अशी गाडी दुरुस्त करणें हें स्वतः पाप नाहीं व पुण्यही नाहीं. तें एक वचन आहे, आणि वचनाचें बरेंवाईटपण तें कोणास, काय जाणून व कितपत खुलेपणानें दिलें, यावर ठरतें. ज्यानें कारण शोधलें नाहीं, त्यास वचन देण्याचा अधिकार नाहीं. ज्यानें भार कोणाचा तें विचारलें नाहीं, त्यानें वचन कोणास दिलें हेंच त्यास ठाऊक नाहीं. आणि ज्यानें दुरुस्तीनें काय वाढलें याबरोबर काय घटलें हें सांगितलें नाहीं, त्याचें वचन खरें असूनही अपुरें आहे. यास आणखी एक जोड द्यावीशी वाटते. दुरुस्ती अशी असावी कीं पुढच्या मनुष्यास ती उलगडतां यावी. बसलेल्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या जागीं लोखंडी दांडा झाळून टाकणारे, स्प्रिंग तापवून ताणणारे व त्या खटाटोपांत पोलादाचें पाणी घालविणारे लोक सर्वत्र आढळतात. ते आजची अडचण निवारतात, पण उद्यांच्या कारागिराचे हात बांधून ठेवतात. ज्या वस्तूचें आयुष्य आपल्याहून मोठें असण्याचा संभव आहे, तिच्या बाबतींत न जन्मलेल्या दुरुस्तकर्त्याशींही आपलें कांहीं नातें असतें.

या कसोट्या पाळावयाच्या तर वेळ अधिक लागतो, आणि कित्येकदां गिऱ्हाइकास न आवडणारें बोलावें लागतें. गाडी विकतांना तर हें बोलणें खिशावरच येतें. मागची बाजू नुकतीच उंच केली आहे, वळणावर जपून, मुलास देऊं नका, असें सांगणाऱ्यास भाव कमी मिळतो. पण त्या कमी मिळालेल्या रकमेंतच सचोटीची किंमत चुकती झालेली असते, आणि ती चुकवूनही आपण तोट्यांत गेलों नाहीं असें ज्यास मनापासून वाटतें, त्याच्याच हातीं पाना द्यावा. काम पुरें झाल्यावर स्वारास बसवून घेतलेलें शेवटचें माप त्यानें एका कागदावर लिहावें, त्याखालीं स्वाराचें वजन लिहावें, आणि तो कागद गाडीबरोबर मालकाच्या स्वाधीन करावा. पुढें ती गाडी कोणाच्याही हातीं गेली, तरी हें काम कोणाच्या भारासाठीं केलें होतें तें त्यास कळेल, आणि आपला भार तिच्यावर टाकण्यापूर्वीं तो पुनः एकदां टेप लावील.